केरबा पि. दगडू

नांदेड जिल्ह्यात देगलूर किंवा बिलोली तालुक्यातला एखादा जुना सातबारा काढून बघा. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. त्यावर नाव असतं 'केरबा पि. दगडू'. पि. म्हणजे पिता. बाईचं नाव चढलं असेल तर 'गंगाबाई भ्र. केरबा', म्हणजे भ्रतार केरबा. कागद निजामाच्या अमलातला असला तर 'पि.'च्या जागी 'वल्द' दिसेल. शेजारच्या बांधाचा मालक असेल पेंटय्या वल्द पोचन्ना. लातूर जिल्ह्यात देवणी-उदगीरकडे, बिदरच्या अंगाला सरकलं, की असाच कुणी तिप्पण्णा पि. बसप्पा भेटतो.

तिघांची शेतं वेगळी, तिघांची घरची बोली वेगळी. नाव मात्र एकच आहे, तीन भाषांत सांगितलेलं.

मराठीत केर म्हणजे झाडून काढलेला कचरा, त्याला 'बा' जोडला की केरबा. तेलुगूत पेंट म्हणजे उकिरडा, त्याचा पेंटय्या. कानडीत तिप्पे म्हणजेही उकिरडाच, त्याचा तिप्पण्णा. आपल्याकडे उकिरड्यावरून सरळ उकंडराव झाला, कचऱ्यावरून कचरू आणि कचराबाई झाली. या नावांमागची रीतही तिन्ही भाषांत एकच होती. घरात लागोपाठ मुलं दगावली, की पुढचं मूल जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन क्षणभर ठेवायचं, नाहीतर केरात लोळवायचं आणि मग उचलून घरी आणायचं. हे आमचं नाही, टाकून दिलेलं आहे, सापडलं म्हणून आणलं, असं कुणाला तरी ऐकवायचं असे. ज्याला ऐकवायचं तो मृत्यू. कचरा कोण उचलून नेणार?

दगडू, धोंडिबा, दगडाबाई, धोंडाबाई यांची गोष्टही याच्याच शेजारची. दगड मरत नाही. कानडीतला गुंडप्पा आणि आपला गुंडेराव यांतही गुंड म्हणजे गोल गोटाच आहे. धोंडिबाला आणखी एक वाट आहे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, आणि त्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडिबा, असंही घराघरांतून सांगतात. तेव्हा प्रत्येक धोंडिबाच्या मागे मेलेली भावंडं शोधू नयेत.

ही सगळी खालच्या मानलेल्या जातींची नावं, असं शहरात बसून वाटतं. ते अर्धंच खरं. टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे मूळचे विनायक होते, पण जगाने त्यांना केरो लक्ष्मण म्हणूनच ओळखलं. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. १९५८ साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. मुलं मरत होती ती वाड्यातही आणि वस्तीतही. फरक पुढे पडला. वाड्यातल्या धोंडोच्या पुढे 'पंत' लागला आणि नावातला दगड दिसेनासा झाला. वस्तीतला धोंड्या धोंड्याच राहिला. शिवाय मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट नियमच आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सा वाटेल असं. म्हणजे केरबा हे नाव दोन अगदी उलट कारणांनी पडू शकत होतं. एक आईच्या काळजीपोटी, दुसरं गावाच्या तोऱ्यापोटी. नाव बघून यातलं कोणतं ते कळत नाही.

बारशाच्या वेळी आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या जोडीला वरवंटा ठेवतात. त्याला कुंची घालतात, हळदीकुंकू लावतात, आणि मग पाळण्याच्या वरून-खालून बाळाची देवघेव होते. आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. अलीकडे तिथे फुगे असतात, केक असतो, नावाचं थर्माकोलचं अक्षर असतं. पण वरवंटा अजून बऱ्याच घरांत असतो. हे मूल दगडासारखं टिको, हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच. दगडू हे नाव मागे पडलं, दगड अजून पाळण्यात आहे.

बारशाच्या आधी पाचवी. मराठवाड्यात पाचव्या-सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा लावून ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. सटवाई म्हणजे षष्ठी; षष्ठीचं सटी, सटीची सटवाई. नांदेड भागात म्हाताऱ्या पिढीत सटवाजी हे नाव सहज सापडतं, बायकांत सटवाबाई. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात 'सटवी' ही शिवी ऐकू येते आणि तो हसतो. पण सटवाजी म्हणजे षष्ठीदेवीने राखलेला. बंगाली घरांतून षष्ठीचरण असतो ना, तोच हा.

असाच एक गृहस्थ मुंजाजी. परभणी-नांदेडच्या बाहेर हे नाव फार ऐकू येत नाही. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, अशी समजूत. त्या पिंपळाच्या पारावर शेंदूर लावलेला दगड असतो, त्याला नवस बोलतात, आणि नवसाने झालेल्या मुलाचं नाव मुंजाजी. भुताचं नाव पोराला ठेवायला काही वाटत नाही का, असं कुणी विचारेल. मुंजाला तिथे भूत मानतच नाहीत. तो गावचाच एक पोरगा असतो, थोडा हट्टी, पण राखण करणारा.

आता कोंडिबा. हे नाव मला फार आवडतं, कारण ते दोन भाषांच्या मधोमध उभं राहून फसवतं. मराठी कोंडिबा, कोंडाजी, कोंडाबाई यांत कोंडा आहे, धान्य कांडल्यावर उरतो तो. मूल शेजारणीला देऊन टाकायचं आणि पसाभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं. त्याची किंमत एवढीच, हे सटवाईने, मरीआईने, सगळ्यांनी बघून ठेवावं. पण धर्माबाद ओलांडून तेलंगणात गेलात की तिथे कोंडय्या भेटतो आणि त्याचा कोंड्याशी काही संबंध नसतो. तेलुगूत कोंडा म्हणजे डोंगर. कोंडय्या म्हणजे डोंगरावरचा देव, तिरुमलाच्या टेकडीवरचा व्यंकटेश. एकाच बाजारात बसलेले कोंडिबा आणि कोंडय्या एकमेकांना नावबंधू समजत असतील. एकाचं नाव भुशावरून, दुसऱ्याचं देवाच्या डोंगरावरून.

तिरुपतीचा हा देव नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी आहे. बालाजी, व्यंकट, व्यंकटराव, व्यंकटी, तिरुपती. लातूर-नांदेडच्या कोणत्याही वर्गात हजेरी घेतली तर निदान एक बालाजी 'हजर' म्हणतोच. गंमत अशी की बालाजी हे त्या देवाचं आपल्याकडचं नाव. त्याच्या स्वतःच्या मुलखात वेंकन्ना, वेंकटेश्वरुलु, श्रीनिवासुलु असे उच्चार जास्त. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्याआधी व्यंकटेश भगवानराव खेडगीकर होते, म्हणजे तेही याच कुळातले. नांदेडच्या विद्यापीठावर नाव आहे ते मात्र संन्यासातलं.

माहूरची रेणुका आणि दत्त यांनीही नांदेडला पुष्कळ नावं दिली. रेणुका, रेणुकादास, अनसूया, परशुराम, दत्ता, दिगंबर, अवधूत. अनसूयेचं बोलीत अनुसया होतं आणि पुढे अनसाबाई. हीच रेणुका तेलंगणात आणि कर्नाटकात यल्लम्मा. 'सर्वांची आई' असा त्या नावाचा अर्थ लावतात. तेव्हा एका गावचा रेणुकादास आणि पलीकडच्या गावचा यल्लप्पा हे एकाच आईचे. गंगाधर, गंगाराम, गंगाबाई, गोदाबाई यांचं मूळ वेगळं सांगायला नको. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात. लातूरची नदी मांजरा. तिच्या काठच्या कुणी मुलीचं नाव मांजरा ठेवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, आणि कारणही उघड आहे.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, देवणी आणि लालकंधारी बैल, तमाशाचे फड, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. तिथे नावांचा एक मोठा तिढा बघायला मिळतो. मराठी माणूस मल्हारी, मल्हारराव, मार्तंड, खंडेराव. मल्हारी म्हणजे मल्ल दैत्याचा अरी, शत्रू. तेलंगणातून येणारा भक्त मल्लन्ना, मल्लय्या. कर्नाटकातला मल्लप्पा, मैलारी. म्हणजे एक मल्लाचा वैरी, दुसरा 'मल्ल अण्णा', आणि दोघे एकाच देवापुढे भंडारा उधळतात. कारण तेलुगू-कानडीत मल्लन्ना, मैलार हे देवाचंच नाव. संस्कृत पंडितांनी त्याचा मल्हारी केला आणि मल्ल हा मारला गेलेला दैत्य ठरला. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाच्या या दक्षिणी गोतावळ्याचा माग आयुष्यभर काढला. यात्रेतल्या माणसाला असा माग काढायची गरज पडत नाही, तो 'येळकोट येळकोट' म्हणतो आणि पुढे सरकतो.

लातूरकडे वळलं की लिंगायत घरांतली नावं कानडीला जास्त चिकटून आहेत. बसव हा संस्कृत वृषभाचा कानडी अवतार, म्हणून बसवराज म्हणजे वृषभराज, नंदी. शरणप्पा म्हणजे शिवाला शरण गेलेला. चनबसप्पातला 'चन्न' म्हणजे सुंदर. मागचा अप्पा म्हणजे बाप, अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मराठी झालेल्या घरांनी नावं बदलली तरी हा अप्पा सोडला नाही. नाव वैजनाथ, सिद्राम, काशीनाथ काहीही असो, चारचौघांत त्याला वैजनाथअप्पा, सिद्रामअप्पाच म्हणायचं. 'राव' लावला तर तो कुणी दुसरा वाटतो.

यातलं सर्वांत नवलाचं नाव मन्मथ. कोशात बघितलं तर मन्मथ म्हणजे मदन, ज्याला शंकराने तिसरा डोळा उघडून जाळला तो. मग कपाळाला भस्म लावणाऱ्या, गळ्यात इष्टलिंग घालणाऱ्या घरात मुलाचं नाव मन्मथ कसं? उत्तर बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला आहे. 'परमरहस्य' लिहिणाऱ्या संत मन्मथस्वामींची तिथे समाधी आहे, आणि कार्तिकात लातूर-नांदेडहून दिंड्या तिकडे चालत जातात. मन्मथअप्पाच्या घरी मदनाची कुणाला आठवणही नसते. नावांच्या अर्थाची जी छोटी पुस्तकं स्टेशनवर मिळतात ती अशा ठिकाणी कामाची नाहीत. ती मन्मथपुढे 'कामदेव' लिहितात आणि मोकळी होतात.

फारसी-अरबीचा थरही जाड आहे आणि तो फक्त मुसलमान घरांत नाही. पीर हा फारसी शब्द, त्याला आपला 'जी' लावला की पिराजी. नवस दर्ग्याला, नाव हिंदूचं. हैबतराव हा अरबी हैबतीचा, म्हणजे धाकाचा. रुस्तुमराव हा इराणच्या शाहनाम्यातला पहिलवान, मराठवाड्यात येऊन राव झाला. मुसलमान घरांतली दस्तगीर, महेबूब, ख्वाजा, बंदेनवाज ही नावंही इथल्या मातीची. दस्तगीर, हात धरणारा, ही बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींची पदवी. बंदेनवाज गुलबर्ग्याचे, १४२२ साली वारलेले. लखनौच्या कुणाला बंदेनवाज नावाचा माणूस भेटला तर तो पहिल्यांदा विचारेल, दक्खनचे का?

आणि बंजारा तांड्यांवर वार मोजून नावं: सोमला, मंगळ्या, बुधा, थावऱ्या. थावर म्हणजे शनिवार, हा शब्द त्यांनी राजस्थानातून आणला.

नांदेडचं म्हणून एक नामांतर मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. १७०८ साली गोदाकाठी एका बैराग्याचा मठ होता. बैराग्याचं नाव माधोदास, त्याआधीचं लछमन देव. गुरू गोविंदसिंग तिथे आले, आणि तो बैरागी शीख होऊन बंदासिंग झाला. बंदा म्हणजे फारसीत सेवक, गुलाम. याच सेवकाने पुढे पंजाबात मोगलांची सत्ता हादरवली. एकाच माणसाच्या तीन नावांत रामाचा भाऊ, कृष्णाचा दास आणि गुरूचा बंदा. त्याच वर्षी गुरू गोविंदसिंगांचं नांदेडला देहावसान झालं. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपास राहणाऱ्या शीख घरांत अजून मुलाचं नाव ठेवताना गुरू ग्रंथ साहिब उघडतात आणि समोर आलेल्या शबदाच्या पहिल्या अक्षरावरून नाव शोधतात. हरजीत, गुरप्रीत मुलगाही असतो, मुलगीही. सिंग की कौर यावरून ओळखायचं.

आता थोडं दूर जाऊ. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी आहे, तिथली ब्रेटन भाषा फ्रेंचपेक्षा अगदी निराळी, वेल्शच्या नात्यातली. नावंही तशीच. ग्वेन म्हणजे शुभ्र, पवित्र. माएल म्हणजे राजपुत्र. तांगी हे नाव फोडलं तर आग आणि कुत्रा असे दोन शब्द निघतात. कुत्रा तिथे लढवय्याला शोभणारं विशेषण. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये ठरावीक पंचांगातली आणि इतिहासातली नावंच नोंदवायला परवानगी होती. मान्रो-ल गोअर्निग नावाच्या कुटुंबाने मुलांना ब्रेटन नावं ठेवली, तर कारकुनाने ती लिहायला नकार दिला. सरकारच्या लेखी ती मुलं जन्मलीच नव्हती. भांडण कित्येक वर्षं चाललं. १९६६ मध्ये नियम सैल झाले आणि आईबापांना खरी मोकळीक १९९३ च्या कायद्याने मिळाली. कॉर्सिकात घरी घ्युवान्नी असलेला मुलगा कागदावर ज्याँ व्हायचा, आणि दक्षिणेतल्या ऑक्सितान मुलखाचीही गोष्ट फार वेगळी नाही.

आपल्याकडे असा कायदा कधी नव्हता. कायद्याची गरजही पडली नाही, कारण शाळेत गुरुजी होते. दाखल्याच्या दिवशी बापाने 'पोचन्ना' म्हटलं की गुरुजींची लेखणी अडखळायची, आणि कागदावर उतरायचा पोचिराम. सायलूचा साईनाथ, हनमंतूचा हणमंत, गुंडप्पाचा गुंडेराव. यात दुष्टावा नव्हता, गुरुजींना वाटायचं पोराचं भलं करतोय. पोचिराम या नावाकडे नीट बघा. पोचम्मा ही तेलुगू मुलखातली, देवीच्या आजाराची देवता, वेशीबाहेर लिंबाखाली बसणारी. तिच्या नावाला मराठीने 'राम' जोडला. मराठीत आपण त्या आजारालाच देवी म्हणतो. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. आजार गेला, देवीची नावं लावणारी माणसं राहिली. अशाच एका पोचिरामाची ही गोष्ट. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि दंगली पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यांत मारले गेले. विद्यापीठाच्या नावासाठी ज्याचा जीव गेला, त्याच्या स्वतःच्या नावात या सरहद्दीचा एवढा इतिहास होता. विद्यापीठाला नाव मिळालं ते १४ जानेवारी १९९४ ला.

१९५६ च्या धर्मांतरानंतर दलित वस्त्यांतली नावं एका पिढीत बदलली. केरबा-मरिबाच्या घरी सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा आले. मनूच्या त्या नियमाला इतकं थेट उत्तर दुसरं कुणी दिलेलं नाही. यातला मिलिंद तर ग्रीक आहे. मिनँडर राजाचा पालीत मिलिंद झाला, बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचं नाव दिलं, आणि तिथून तो निलंगा, औसा, मुखेडच्या घराघरांत पोचला.

नाव बदलण्याची सरकारी सोय म्हणजे राजपत्र. तिथे जुनं नाव, नवं नाव अशा जोड्या छापून येतात. केरबाचा कैलास होतो, दगडूचा दिगंबर. पहिलं अक्षर बहुतेक वेळा तेच ठेवतात, सही बदलायला सोपी जाते. आणि त्यांच्या नातवंडांची नावं आता विहान, शिवांश, अन्वी अशी असतात, जी लातूरची की लुधियानाची हे कुणालाही सांगता येणार नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. लेकरू जगेल याची खात्री असली की आईबाप नुसतं कानाला गोड लागणारं नाव निवडतात, आणि ती खात्री केरबाच्या आईला नव्हती.

बायकांच्या नावांबद्दल इथे कमी लिहिलं गेलं, कारण कागदांतच ती कमी आहेत. सातबाऱ्यावर त्या 'भ्र.'च्या आधाराने उभ्या असतात, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव फक्त माहेरीच उरतं. त्यातल्या त्यात एक बदल नोंदवून ठेवतो. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम लावायचा आहे.